अंगणातील काठी

उंच काठी पेलण्याचे कौतुक सोलापूरकरांना कोणी शिकवावे लागत नाही. दर वर्षी मकरसंक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत श्रीसिद्धेश्वरांची यात्रा भरते आणि सात नंदीध्वज वाजतगाजत शहरातून निघतात. तीस फुटांच्या आसपास उंचीची ती सजवलेली काठी, पांढरी बाराबंदी घालून ती पेलणारा भाविक आणि त्याच्याभोवती सावधपणे चालणारे त्याचे सोबती, हे दृश्य ज्याने एकदा पाहिले, त्याला उंच वस्तू उभी ठेवणे ही केवढी साधना आहे हे निराळे सांगण्याची गरज उरत नाही. यात्रा असते थोड्या दिवसांची. पण तिच्यासाठी काठी पेलण्याचा सराव कितीतरी आधीपासून चाललेला असतो.

आणखी एका प्रकारची काठी महाराष्ट्रातील गावांतून क्वचित एखाद्या घराच्या अंगणात दृष्टीस पडते. तिला ना गोंडे, ना फुलांच्या माळा. जस्ताचा मुलामा दिलेला एक साधा लोखंडी नळ, त्याला तीन दिशांनी ओढून धरणाऱ्या तारा आणि शेंड्यापासून दोन बाजूंना उतरत गेलेली एक बारीक तांब्याची तार, एवढाच तिचा संसार. रस्त्याने जाणारा तिच्याकडे पाहतो, ‘जुन्या टीव्हीची असेल’ असे म्हणतो आणि पुढे जातो. वास्तविक ती असते हौशी रेडिओचालकाची काठी. तिच्या पायथ्याशी राहणारा माणूस घरच्या खोलीत बसून हजारो किलोमीटरांवरील अनोळखी माणसांशी बोलत असतो.

आकाशवाणी आपल्याशी बोलते. परंतु आपल्याला तिच्याशी बोलता येत नाही. दूरध्वनीवर दोन्ही बाजूंनी बोलता येते. पण मध्ये कोणाच्या तरी तारा, कोणाचे तरी मनोरे आणि कोणाची तरी यंत्रे राबत असतात. ती थांबली की आपला आवाजही थांबतो. हौशी रेडिओचे तसे नाही. येथे बोलणारा एक, ऐकणारा दुसरा आणि मध्ये केवळ आकाश. हा छंद असला तरी तो मनमानीचा नव्हे. त्यासाठी केंद्र सरकारच्या दळणवळण खात्याची परीक्षा द्यावी लागते व परवाना मिळवावा लागतो. बारा वर्षे पुरी झालेल्या मुलामुलींनाही ही परीक्षा देता येत आली आहे, ही गोष्ट शाळकरी वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. परवान्याबरोबर एक संकेतनाम मिळते. भारतातील हौशांची संकेतनामे सहसा ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात. या बोलण्यात व्यापाराचे निरोप चालत नाहीत, गुप्त भाषा चालत नाही. जे बोलायचे ते जगाने ऐकावे असेच. आणि जपानमधल्या किंवा रशियातल्या एखाद्या हौशाशी गाठ पडली, म्हणजे काही दिवसांनी टपालाने त्याचे रंगीत पोस्टकार्ड येते. अमुक दिवशी, अमुक वेळी आपले बोलणे झाले, अशी त्यावर नोंद असते. अशी कार्डे भिंतीवर ओळीने लावण्यात जो अभिमान आहे, तो ढालीकरंडकांतही नसेल.

आता ही काठी हवी कशाला? यंत्र तर टेबलावर असते. पण यंत्रातून निघालेल्या लहरीला आकाशात उतरवण्यासाठी एक तार लागते, आणि त्या तारेची लांबी लहरीच्या लांबीवर ठरते. बिनतारी लहर प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३,००,००० किलोमीटर धावते. ती सेकंदाला सत्तर लक्ष वेळा कंप पावत असेल, तर भागाकार करून पाहावा: एका लहरीची लांबी सुमारे ४३ मीटर येते. तारेने त्याच्या निम्मे असावे, हा साधा नियम. म्हणून हौशाच्या अंगणात सुमारे २० मीटर लांबीची तार लागते. तिचे मधोमध दोन भाग करतात आणि दहा-दहा मीटरांचे ते दोन बाहू काठीच्या शेंड्यापासून उतरत्या छपरासारखे दोहों बाजूंना ओढून बांधतात. हौशी लोक या पट्ट्याला ‘४० मीटरचा पट्टा’ म्हणतात.

या पट्ट्याशी आपल्या देशाच्या इतिहासातील एक गोष्ट निगडित आहे. १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनात उषा मेहता व त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी मुंबईत ‘काँग्रेस रेडिओ’ नावाचे गुप्त केंद्र चालवले. ते ४२.३४ मीटरवर बोलत असे, म्हणजे आजचे हौशी जेथे बोलतात तेथेच. त्याचे यंत्र बांधणारे नरिमन प्रिंटर हे बिनतारी विद्येचे जाणकार होते. पोलिसांच्या हाती सापडू नये म्हणून केंद्राची जागा सारखी बदलावी लागे. अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजी छापा पडला आणि तो आवाज बंद झाला. आपल्या अंगणात दिवसाढवळ्या काठी उभारून, आपले नाव सांगून बोलता येणे हे केवढे सुख आहे, हे त्या तरुणांना विचारायला हवे होते.

काठी जितकी उंच तितके दूरचे बोलणे ऐकू येणार, असे कोणालाही वाटेल. ते अर्धेच खरे आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे सरळ जाणाऱ्या लहरींना क्षितिज आडवे येते. क्षितिज किती दूर आहे हे काढण्याचा एक सोपा हिशेब आहे. उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला साडेतीनाने गुणावे. जवळजवळ तितक्या किलोमीटरांवर क्षितिज असते. ९ मीटर उंचीवरून साडेदहा किलोमीटर दिसतील. अंतर दुप्पट करायचे तर उंची दुप्पट करून भागत नाही. ती चौपट, म्हणजे ३६ मीटर करावी लागते. सोलापूरहून लातूर जिल्ह्यातील किल्लारी सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटर आहे. तेथे जमिनीवर उभ्या असलेल्या माणसापर्यंत सरळ लहर पोचवायची, तर अर्ध्या किलोमीटरहून उंच काठी लागेल! तेव्हा हा मार्ग खुंटला.

पण निसर्गाने दुसरा मार्ग ठेवला आहे. जमिनीपासून दोनशे-तीनशे किलोमीटर उंचीवर, सूर्याच्या प्रखर किरणांनी विद्युत्भारित झालेल्या विरळ हवेचा एक थर आहे. त्याला आयनांबर म्हणतात. ४० मीटरची लहर तेथवर जाते आणि आरशावरून प्रकाश परतावा तशी खाली वळते. अगदी उंच काठीवरून ती तिरपी निघून दूरदेशी उतरते. दहा-अकरा मीटरांच्या काठीवरून मात्र तिचा मोठा भाग जवळजवळ उभा वर जातो आणि शेदीडशे किलोमीटरांच्या टापूत पावसासारखा खाली येतो. म्हणजे सोलापूरचा शब्द ८० किलोमीटरांवर पोचण्यासाठी सुमारे सहाशे किलोमीटरांचा प्रवास करतो. या प्रवासाला वेळ किती लागतो? सेकंदाचा पाचशेवा भाग! रात्री, विशेषतः पहाटेपूर्वी, हा थर दुबळा होतो आणि ४० मीटरची लहर वळवणे त्याला झेपत नाही. अशा वेळी ८० मीटरच्या पट्ट्याचा, म्हणजे दुप्पट लांब तारेचा आश्रय घ्यावा लागतो. तात्पर्य एवढेच की, शेजारच्या जिल्ह्यासाठी गगनचुंबी मनोरा नको. अंगणात मावणारी काठी पुरते. ती काठी उभी मात्र राहिली पाहिजे.

आणि खरे काम येथूनच सुरू होते.

बाजारात लोखंडी नळ सहा मीटर लांबीचे मिळतात. दोन इंची नळात दीड इंची नळ मीटरभर सरकवून, आरपार बोल्ट घालून आवळला, की ११ मीटरांची काठी तयार होते. तिचे वजन पन्नास किलोच्या आसपास भरते. ती कोठे रोवायची हा पहिला प्रश्न. विजेच्या तारांपासून ती इतकी दूर हवी, की कोसळलीच तर कोणत्याही दिशेने त्यांच्यापर्यंत पोचू नये. या एका बाबतीत तडजोड नाही. काठी उभारताना ती विजेच्या तारेला टेकून जगभर अनेक हौशी प्राणास मुकले आहेत. आणि जुन्या माळवदाच्या घरावर काठी मुळीच चढवू नये. लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दिलेले ते छप्पर आधीच आपल्या भाराने वाकलेले असते; त्यावर ओढाताणीचा आणखी भार घालणे म्हणजे घरच्यांच्या डोक्यावर धोका टांगणे होय. तेव्हा काठीचे खरे स्थान अंगण किंवा परसू.

परंतु सोलापूरच्या जमिनीचा एक स्वभाव आहे. येथील काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हातभर खोल भेगा पडतात. तिच्यात वरवर ठोकलेली खुंटी आषाढात घट्ट वाटते व चैत्रात हलू लागते. म्हणून काठीचा पाया आणि ताणांच्या खुंट्या काळी माती खणून काढून, खालच्या मुरुमात खडी-सिमेंटने बसवाव्या लागतात. खड्डा खणण्याचा कंटाळा करणारा माणूस काठीपेक्षा नशिबावर अधिक विसंबतो.

काठीला धरून ठेवणाऱ्या तारांना ‘ताण’ म्हणतात. हा शब्द सोलापुरास परका नाही. मागावर उभे धागे असतात तो ताणा आणि आडवे धागे असतात तो बाणा, हे विणकरांच्या वस्तीतील पोराला चालायला येण्याआधी कानावर पडलेले असते. ताण्याचा एक धागा सैल पडला की चादरीत दोष उमटतो. काठीचेही तसेच आहे. दोन उंचींवर तीन-तीन असे सहा ताण, एकमेकांशी सारखा कोन करून बांधतात. खुंट्या काठीपासून सात-आठ मीटर दूर हव्यात. जागा वाचवण्यासाठी त्या अगदी जवळ ठोकल्या, तर ताण काठीला बाजूने सावरण्याऐवजी खाली दाबू लागतो आणि नळ मध्येच वाकतो. ताण फार आवळूही नयेत. पहिलटकर हौशाला ते वीणेच्या तारांसारखे झंकारावेत असे वाटते. मग वाऱ्याचा जोर येताच तेथे सहन करण्याची शक्तीच उरत नाही. सहाही ताण सारखे, घट्ट, पण किंचित लवचीक, ही खरी जोखण्याची गोष्ट आहे, आणि ती हाताला कळायला वेळ लागतो. या तारांच्या मध्ये चिनी मातीचे अंड्याएवढे रोधक बसवतात. तार सलग राहिली तर तीच एरियलसारखी वागू लागते आणि निघालेल्या लहरीचा घास घेते.

काठी उभी करणे हा एका माणसाचा खेळ नव्हे. आडवी पडलेली काठी उचलताना तिचा भार पहिल्या हातभरातच सर्वांत अधिक जाणवतो. दोर जमिनीलगत असल्यामुळे ओढणाऱ्याचा बहुतेक जोर वाया जातो. म्हणून पायथ्याशी एक आखूड काठी काटकोनात बांधतात व दोर तिच्या टोकावरून नेतात. दोर वरून ओढला जाऊ लागला, की तेच वजन निमूटपणे उठते. प्रत्येक ताणावर एकेक माणूस, दोरावर दोघे-तिघे आणि बाजूला उभा राहून हुकूम सोडणारा एकच. दोघे हुकूम सोडू लागले की अपघात ठरलेला! मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांचे शेजार असलेल्या गल्लीत हे काम चालते, तेव्हा ‘थांबा’ हा शब्द चारही भाषांत ऐकू येतो आणि सर्वांना तो एकदम कळतो.

उंच वस्तू पडते ती बहुधा ताणांच्या चुकीने. याचा धडा बिनतारी विद्येच्या जनकालाही चुकला नाही. १९०१ साली मार्कोनीने इंग्लंडमधील पोल्ढू येथे अटलांटिकपलीकडे संदेश धाडण्यासाठी दोनशे फुटी वीस खांबांचे एक विशाल वर्तुळ उभारले. खांबांची टोके एकमेकांना तारांनी जोडलेली होती. सप्टेंबरातल्या वादळात आधार सुटला आणि सारे वर्तुळ जमीनदोस्त झाले. मार्कोनीने घाईघाईने साधी मांडणी केली. आणि डिसेंबरात न्यूफाउंडलंडच्या टेकडीवर वादळी वाऱ्यात पतंग उडवून, त्या पतंगाला बांधलेल्या तारेवर त्याने पलीकडचा संदेश ऐकला. वीस खांबांच्या भव्य मनोरथापेक्षा एका पतंगाच्या दोरीने त्या दिवशी काम केले. थोरांच्या चरित्रांत पतंगाची गोष्ट हटकून येते. पडलेल्या खांबांची क्वचितच येते.

वाऱ्याचे गणितही निष्ठुर आहे. त्याचा वेग दुप्पट झाला की काठीवरचा दाब चौपट होतो. सोलापुरात वैशाखाच्या शेवटी उन्हाने माणसे हैराण होतात, दुपारी ढग चढतात आणि वळीव येतो. पाऊस थोडा, पण वारा व वीज फार. म्हणून काठीच्या देखभालीचे वर्ष चैत्र-वैशाखातच सुरू होते. ताणांच्या गाठी, क्लिपा, आवळण्याचे स्क्रू हाताने तपासायचे. गंजलेला नट बदलायचा. स्क्रूला वंगण द्यायचे. कप्पीवरचा नायलॉनचा दोर वरून पांढरट व भुरभुरीत दिसू लागला असेल, तर तो उन्हाने खाल्ला असे समजावे आणि तुटण्याची वाट न पाहता काढून टाकावा. काठीपासून यंत्राकडे येणाऱ्या केबलच्या सांध्यात पाणी शिरले तर ते आतल्या आत पसरते. बाहेरून काहीच दिसत नाही, पण एके दिवशी दूरचे आवाज क्षीण होतात आणि हौशी बिचारा आकाशाला दोष देत बसतो. पतंगांच्या दिवसांत तारेवर मांजा अडकतो. तो वेळीच उतरवला पाहिजे, कारण त्यात पाखरांचे पाय गुंततात. तारेची खालची टोकेही चारेक मीटर उंच असावीत. यंत्र चालू असताना त्या टोकांशी विद्युत्दाब मोठा असतो आणि खेळणाऱ्या मुलाचा हात तेथे पोचता कामा नये.

विजेविषयी शेजारच्या आजींचा प्रश्न ठरलेला असतो. “अहो, तुमची ही काठी आमच्या घरावर वीज ओढून आणेल हो!” हौशी त्यांना समजावतो, “आजी, काठी ढग ओढून आणत नाही. पण वीज पडायचीच असेल तर उंच वस्तूवर आधी पडते, म्हणून तर तिला जमिनीची वाट करून दिली आहे.” आजींचे समाधान होतेच असे नाही, आणि त्यांची शंका सर्वस्वी चुकीचीही नसते. काठीच्या पायथ्याशी खोल खड्डा करून त्यात कोळसा व मीठ भरतात आणि जाड तांब्याच्या पट्टीने काठी त्याला जोडतात. परंतु कोरड्या मातीतून वीज सहज जात नाही. उन्हाळ्यात सोलापूरची जमीन कोरडी ठक्क होते आणि नेमका तेव्हाच वळीव कोसळतो! म्हणून घरात पाण्याची टंचाई असली तरी त्या खड्ड्याला दोन बादल्या पाणी द्यावे लागते. एवढे करूनही गडगडाट सुरू होताच केबल यंत्रातून काढून घराबाहेर ठेवायची आणि काठीजवळ फिरकायचे नाही, हाच नियम. आकाशातील विजेला पूर्ण पुरे पडेल अशी युक्ती कोणाजवळही नाही.

उंचीला आणखी एक मर्यादा आहे, ती शेजारधर्माची. अंगण आपले असले तरी आकाश सर्वांचे असते. होटगी रस्त्यावरील विमानतळाच्या मार्गात येणारी श्रीसिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची प्रचंड चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली, हे सोलापूरकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा विमानतळाजवळ राहणाऱ्या हौशाने नळ विकत घेण्याआधी परवानगीची विचारपूस केलेली बरी.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारले तर पुष्कळ हौशी हसून ‘हौस’ एवढेच उत्तर देतात. ते उत्तर खरे आहे. पण पुरे नाही.

१९९३ सालच्या २९ सप्टेंबरच्या रात्री गणपतीचे विसर्जन करून मराठवाड्यातील गावे उशिरा झोपी गेली होती. ३० तारखेला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतील ५२ गावे उद्ध्वस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील माळवदे झोपेतल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार जीव गेले. धक्का सोलापुरालाही जाणवला. लोक घाबरून रस्त्यावर आले, पण नेमके कोठे काय झाले हे त्या क्षणी कोणाला कळणार? भारतात मोबाइल फोन सुरू व्हायला अजून दोन वर्षे होती. उजाडले तसे त्या हानीचे स्वरूप दिसू लागले.

अशा प्रसंगी केवळ धान्य, औषधे व हात असून भागत नाही. कोणत्या गावाला काय हवे आहे हे कळावे लागते. एका ठिकाणी भाकरींचे ढीग पडतात आणि दुसऱ्या ठिकाणी जखमी माणूस पाण्यासाठी तळमळतो. ही विषमता दुष्टाव्याने येत नाही. निरोप पोचत नाही म्हणून येते. केंद्र सरकारने हौशी रेडिओचालकांची पथके भूकंपाच्या भागात तातडीने धाडली ती याचसाठी. असे पथक येते तेव्हा त्याच्याबरोबर एक लहान यंत्र, मोटारीची बॅटरी, वीसेक मीटर तार आणि दोराचे वेटोळे असते. जे मिळेल ते, बांबू असो की झाड, त्यावर तार चढवून तासाभरात बोलणे सुरू करायचे असते. तेथे पुस्तक उघडून ताणाचा कोन पाहायला वेळ नसतो. घरच्या अंगणात ज्याने दहा वेळा काठी उतरवली आणि दहा वेळा चढवली, त्याच्या हातांना ते आपोआप येते. ज्याला ते येत नाही, तो कितीही शिकलेला असला तरी तेथे त्याची अडचणच होते, हे कटू असले तरी खरे आहे.

आणि बोलणाऱ्याइतकाच ऐकणाराही हवा. उद्ध्वस्त गावातून निघालेला शब्द कोणाच्या तरी उभ्या काठीवर उतरला पाहिजे. तो माणूस कोणत्या गावी असेल हे आधी कोणालाच सांगता येत नाही. निरोपही फार साधे असतात: इतके जखमी, इतकी तंबूंची गरज, अमुक रस्ता बंद, अमुक माणूस सुखरूप आहे असे त्याच्या घरी कळवा. ऐकणारा ते कागदावर उतरवतो, पुन्हा वाचून दाखवतो आणि मगच पुढे धाडतो. तेथे एका शून्याची चूकही महाग पडते.

पुढे २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातमध्ये कच्छच्या भूकंपानंतरही हौशांची पथके गेली. २६ डिसेंबर २००४ ची हकिकत तर विलक्षण आहे. भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी जगभरच्या हौशांशी गाठी घालण्यासाठी अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेले होते. काठ्या उभारून झाल्या होत्या, देशोदेशींचे आवाज येत होते. त्या सकाळी जमीन हलली, मागोमाग त्सुनामीच्या लाटा आल्या आणि बेटांचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध तुटला. छंदासाठी नेलेली ती यंत्रे त्याच दिवसापासून आप्तांच्या क्षेमकुशलाचे निरोप वाहू लागली. तेथे काठ्या आधीच उभ्या होत्या, हा योगायोग. योगायोगावर नेहमी विसंबता येत नाही म्हणून उरलेले हौशी दर वर्षी खुंट्या तपासतात.

आज मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. त्यामुळे ही काठी जुनाट वाटू लागली आहे, आणि काही ठिकाणी घरातील मुलांनाच ती अंगणातली अडगळ वाटते. वडिलांचे गुडघे दुखू लागले की कप्पीला तेल घालायला कोण जाणार, हा प्रश्न आता पुष्कळ घरांत आहे. पण मोबाइलचा मनोराही विजेवर जगतो. वीज गेली, मग त्याची बॅटरी संपली, की खिशातला फोन मुका होतो. मोटारीच्या बॅटरीवर चालणारे यंत्र आणि वीस मीटर तांब्याची तार यांना मध्यस्थ लागत नाही. फक्त तार वर असली पाहिजे.

म्हणून मृग लागण्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी, उन्हे चढण्याआधी, सोलापूरचा हौशी पान्हा, वंगणाचा डबा आणि नवा दोर घेऊन अंगणात उतरतो. मुलगी एका ताणाजवळ उभी राहते, शेजारचा मुलगा दुसऱ्याजवळ. तार खाली येते, सांधा उकलून पुसला जातो, नवी पट्टी गुंडाळली जाते, तार पुन्हा वर चढते. खुंटीभोवतीची भेग मुरूम घालून बुजवली जाते. आजी ओसरीवरून सारे पाहत असतात. “आवळा अजून जरा,” त्या म्हणतात. तो ताण आधीच पुरेसा घट्ट असतो, तरी हौशी आजींच्या समाधानासाठी स्क्रूला हात लावतो. मग आत जाऊन यंत्र सुरू करतो, आपले संकेतनाम सांगतो आणि वाट पाहतो. क्षणभर नुसती खरखर. मागून पुण्याकडचा की हैदराबादकडचा, कोणाचा तरी आवाज येतो: आपला आवाज स्वच्छ येत आहे, पाच-नऊ. हौशी वहीत तारीख आणि वेळ लिहितो.